मुक्या संघासाठी खेळाडू

तालिसायोनचा बास्केटबॉल संघ त्या वर्षी चौदा सामने खेळला आणि एक जिंकला. तोही समोरच्या संघाची बस चिखलात रुतून वेळेवर पोचली नाही म्हणून. पंचांनी विजय बहाल केला, तेव्हा तालिसायोनच्या पोरांनी मैदानावर उड्या मारल्या आणि कापिझ प्रांतातली उरलेली गावं महिनाभर हसत राहिली.

मोसम संपताच संघाच्या व्यवस्थापकांच्या छातीत दुखायला लागलं आणि ते मनिलाला बहिणीकडे निघून गेले. त्यांची जागा घ्यायला कोणी तयार होईना. शेवटी मेयर टोटो अर्सेनास स्वतः उठला आणि सोलेदाद बिलोनेसच्या दारात जाऊन उभा राहिला.

सोलेदाद हे तिचं नाव फक्त चर्चमध्ये घेतलं जाई. गावाला ती चोलेंगबाई. गावच्या हायस्कूलात तिनं तीस-एक वर्षं खेळ शिकवला होता. मेयर टोटो तिचाच विद्यार्थी. लंगडीत रडी खेळणारा. आता पोट सुटलं होतं, मागेपुढे दोन माणसं चालत होती, तरी बाई समोर आल्या की तो अजून खुर्चीतून अर्धा उठायचा.

"बाई, संघ तुम्ही घ्या," तो म्हणाला.

"घ्यायला तो काय झुंजीचा कोंबडा आहे?"

"कोंबडा असता तर एव्हाना कापून खाल्ला असता," चुलीपाशी उभा असलेला बेनितो म्हणाला. बेनितो बाईंचा नवरा. आयुष्यभर मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. आता घरातल्या दोघांसाठीही वीस खलाशांचा भात शिजवायचा आणि उरला की बायकोवर चिडायचा.

बाईंनी हात पुसले. "घेते. पण कोण येणार आणि कोण नाही ते मी ठरवणार."

"ठरवा की! सगळं तुम्हीच ठरवा," मेयर घाईनं म्हणाला. मग जरा थांबून, "फक्त एक नाव मी आधीच ठरवलंय."

ते नाव कोणतं हे बाईंना विचारावं लागलं नाही. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर मेयरनं ते अख्ख्या गावाला सांगून टाकलं होतं. जेट विल्यारुझ. मनिलाच्या व्यावसायिक लीगमध्ये आठ मोसम खेळलेला, साबणाच्या जाहिरातीत झळकलेला. आता सदतिसाव्या वर्षी करार संपून मोकळा झालेला आणि रोहास शहरात स्वतःच्या घरी परतलेला.

बाहेरून आणलेल्या खेळाडूंचं बाईंना वावडं नव्हतं. त्या स्वतःच एके काळी तशा होत्या. कालवं पिकवणाऱ्याच्या घरची ही मुलगी पाच फूट दोन इंचांची, पण पास असा द्यायची की घेणाऱ्याला वाटावं चेंडू आपणच मागवला होता. इलोइलोच्या एका कॉलेजनं तिला शिष्यवृत्ती देऊन नेलं. "पहिल्या दिवसापासून तूच खेळणार," असं त्यांनी तिच्या वडिलांना तोंडभरून सांगितलं. तिथं गेल्यावर कळलं, तेच वचन देऊन आणखी चौघी आणल्या होत्या, चौघीही तिच्यासारख्याच बुटक्या आणि तिच्याच जागेवर खेळणाऱ्या. दोन वर्षं ती बाकावर बसली. संघ दोन्ही वर्षं हरला, कारण उंच एकही नव्हती. वडील सामना बघायला बसनं आले त्या दिवशी तिला एक मिनिटही मैदान मिळालं नाही. वडिलांनी स्टँडवर तिला एक नारळपाणी घेऊन दिलं आणि परत गेले. माणूस आणायचा तर त्याला कुठं उभा करणार हे आधी माहीत पाहिजे, हे त्या नारळपाण्याबरोबर तिच्या घशाखाली उतरलं ते कायमचं.

म्हणून जेटकडे जायला त्या लगेच तयार झाल्या. "चल, बघू तरी," त्या मेयरला म्हणाल्या.

जेटच्या घरी पाहुणचार राजेशाही झाला. नारळाच्या पाण्यात शिजवलेली कोंबडी, मोठे खेकडे, वर लिंबाचं सरबत. माणूसही गोड. त्यानं बाईंना खुर्ची ओढून दिली आणि मेयरच्या विनोदांना मनापासून हसला. बाईंना तो आवडला. जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, "जेट, शेवटची पाच मिनिटं आहेत. चेंडू तुझ्या हातात नाही. तू कुठे उभा राहशील?"

जेट हसला. "बाई, शेवटच्या पाच मिनिटांत चेंडू माझ्या हातात नसेल, असं होईलच कसं?"

तो शेखी मिरवत नव्हता. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता. बाईंनी त्याच्या बायकोला कोंबडीची कृती विचारली, सगळ्यांचे आभार मानले आणि अंगणात येऊन मेयरला म्हणाल्या, "नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. चांगला आहे. आपल्याला नको."

जीपमध्ये बसेपर्यंत मेयरनं स्वतःला आवरलं. मग फुटला. "बाई, अहो जेट विल्यारुझ! लोक तिकिटासाठी रांगा लावतील! पायऱ्यांवर उभं राहून सांगितलंय मी! आता तोंड कुठे लपवू?"

"तुला पायऱ्यांवर चढायला कोणी सांगितलं होतं?"

"तो एकटा सामना जिंकून देईल."

"एखादा देईलही. उरलेले तेरा? आपली चार पोरं उभी राहून त्याच्याकडे बघत बसतील. ती आधीच बघत बसतात, टोटो. त्यांना बघायला आणखी छान माणूस आणून कशाला देऊ?"

मेयर गाव जवळ आल्यावर म्हणाला, "किती जिंकाल ते तरी सांगा."

"गेल्या वर्षीच्या दुप्पट तर नक्की."

"एकाची दुप्पट दोन होते, बाई. गणित तुम्ही शिकवत नव्हता, पण तेवढं मला येतं."

दुसऱ्या दिवशीपासून बाई सरावाला जाऊन बसल्या. पत्र्याच्या छपराखाली मैदान, एका कोपऱ्यात बांधलेली कोणाची तरी बकरी, आणि प्रशिक्षक नोनोय बेसाना घसा फोडून ओरडतोय. नोनोय मेहनती माणूस. पाच दिवस बाईंनी नुसतं पाहिलं. सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, "नोनोय, जरा गप्प बस बरं."

तो गप्प बसला. मैदानावर फक्त बुटांची करकर आणि चेंडूची धपधप. दहा पोरं खेळत होती आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही. मागून कोणी आडवा आला तर पुढच्याला पत्ता नाही. दोघं एकाच माणसाला अडवायला धावत आणि तिसरा मोकळाच सुटे.

"हा संघ मुका आहे," बाई म्हणाल्या. "यांना नेम मारणारा नको. बोलणारा पाहिजे."

नोनोयनं डोकं खाजवलं. "बाई, बोलणारे तर गावात शेकडो आहेत. न्हाव्याकडे जा."

मग शोध सुरू झाला. बाकीचे संघ बघत होते, गेल्या मोसमात कोणी किती गुण केले. गुण करणारे मोकळे खेळाडू आठवड्याभरात उचलले गेले, आणि प्रत्येकाला त्याच्या लायकीपेक्षा लांबलचक वचन मिळालं. त्या गर्दीत बाई शिरल्याच नाहीत. कोणाला कोणी काढलं आणि का, एवढंच त्या विचारत फिरल्या. बसनं, बोटीनं, कधी मोटरसायकलच्या मागे बसून.

रोहासच्या मासळी बंदरावर बर्फ वाहणाऱ्या हमालांचा खेळ चालला होता. बाई अजून मैदानापाशी पोचल्याही नव्हत्या, तेव्हा आवाज कानी आला. "डावीकडून येतोय! मागे, मागे बघ! त्याला सोड, तो माझा! तू जा, तू जा रे बाबा!" बोलणारा थकत नव्हता. सहा फूट तीन इंच, काठीसारखा, गुडघ्यांवर खरचटल्याचे जुने वण.

"तो ओरडणारा कोण?" बाईंनी शेजारच्याला विचारलं.

"एफ्रेन दुमाराओग. तीन संघांनी काढलाय त्याला. डोकं उठवतो, मानांग." मानांग म्हणजे ताई.

"तू खेळलायस त्याच्याबरोबर?"

"एक मोसम."

"तो गेल्यावर संघ कसा झाला?"

"शांत झाला," तो म्हणाला. "मग हरायलाही लागलो. पण शांतपणे."

खेळ संपल्यावर बाईंनी एफ्रेनला चहाच्या टपरीवर बसवलं. तो संशयानं बघत होता. "मानांग, आधीच सांगतो. मला बास्केट करता येत नाही."

"माहीत आहे. आत्ताच पाहिलं. फार वाईट टाकतोस."

"मग?"

"मग टाकू नकोस. तू अडव, रिंगवरून उसळलेला चेंडू खाली काढ, दुसऱ्याला दे आणि बडबड कर. बडबड थांबवलीस तर मात्र बाकावर बसवीन."

आजवर प्रत्येक प्रशिक्षकानं एफ्रेनला गप्प राहायलाच सांगितलं होतं. तरी तो लगेच हो म्हणाला नाही. "बायकोला विचारतो," म्हणाला. बाई त्याच्या घरी गेल्या. त्याची बायको रोसालिन कडेवरच्या मुलाला थोपटत ताडकन म्हणाली, "प्रत्येक संघ याला उन्हाळ्यात नेतो आणि पावसाळ्यात आणून टाकतो. तुम्ही कधी आणून टाकणार?"

"मोसमभर ठेवणार. पुढचं वचन देत नाही, कारण मला माहीत नाही. पण मोसमाच्या मध्ये टाकणार नाही, हा माझा शब्द."

रोसालिन आत जाऊन सुकटीचं लोणचं घेऊन आली. ठरलं.

दुसरा आला लुसिओ. चौतीस वर्षांचा, महामार्गावर पंक्चर काढायचं दुकान चालवणारा. एके काळी प्रांतातला सर्वांत हुशार पास देणारा. नोनोय वैतागला. "बाई, त्याचा गुडघा चालताना दारासारखा कुरकुरतो!"

"म्हणून तर तो मोकळा आहे. धडधाकट असता तर आपल्याकडे आला असता का? सामन्यात थोडाच वेळ खेळव. उरलेला वेळ तुझ्या शेजारी बसव."

"म्हणजे मी कमी पडतो?"

बाईंनी त्याला गोंजारलं नाही. "तू ओरडतोस तेव्हा पोरं घाबरतात. तो सांगतो तेव्हा ऐकतात. आपल्याला दोन्ही लागणार."

नोनोय दोन दिवस रुसला. तिसऱ्या दिवशी स्वतःच लुसिओला आणायला गेला.

तिसरा होता जेरविन. लांबून नेम साधणारा, चोवीस वर्षांचा, मनगट असं लवचीक की बाईंना आपलं तरुणपण आठवलं. त्याला त्यांनी जेवायला बोलावलं. जेवताना तो बाईंशी कमी आणि बेनितोशी जास्त बोलत होता. कोणत्या कंपनीची जहाजं चांगली, उत्तरेकडच्या समुद्रावर किती थंडी, पहिल्यांदा जाणाऱ्याला काम कोणतं देतात. तो गेल्यावर बेनितो म्हणाला, "हा पोरगा खिशात पासपोर्ट घालून फिरतोय, चोलेंग."

"तुला प्रत्येक जण खलाशीच दिसतो."

"दिसतोच. मी त्या वयात असाच होतो."

बाईंनी ऐकलं नाही. जेरविनला घेतलं.

मोसम सुरू झाला आणि पहिलाच सामना सान इसिद्रोशी, तोही तालिसायोनच्या मैदानावर. जेट विल्यारुझ सान इसिद्रोकडे गेला होता. त्यानं त्या दिवशी डोळ्यांचं पारणं फेडलं. तालिसायोनचेच लोक उभे राहून "जेट! जेट!" ओरडत होते. संघ सडकून हरला. पुढचे दोनही सामने गेले.

बाजारात कालवंवाली बाईंना बघून हाकारे, "मानांग, आज बोलकी कालवं आहेत हो, देऊ का?"

"दे. पण तुझ्यापेक्षा कमी बोलणारी दे."

वरून त्या अशा. घरी आल्यावर मात्र एका संध्याकाळी ताटावर बसून राहिल्या, भात निवून गेला. "बेनितो, मी त्या पोरांना उगाच तर नाही ना ओढून आणलं?"

"एफ्रेन काल इथं येऊन तीन ताटं जेवला," बेनितो म्हणाला. "दुःखी माणूस एवढं खात नाही. जेव."

चौथा सामनाही हरले. पण त्या सामन्यात काहीतरी वेगळं झालं. दुसऱ्या सत्रात दोन पोरं भर मैदानात एकमेकांना शिव्या द्यायला लागली. "मी हाक मारली ना तुला, कान फुटले का!" "मग जोरात मार की हाक, गाढवा!" नोनोय त्यांना ओढायला धावला. बाईंनी त्याचा हात धरला. त्यांचा चेहरा फुलला होता. "भांडू दे. तोंड उघडलंय बघ. आज शिव्या देतायत, उद्या सूचना देतील."

मेयर मागच्या बाकावरून कुजबुजला, "बाई हरल्यावरही हसतायत. डॉक्टरला दाखवायचं का?"

पाचवा सामना त्यांनी जिंकला. खराखुरा. सहावाही जिंकला, लुसिओनं शेवटच्या काही मिनिटांत कुरकुरत्या गुडघ्यावर येऊन चार पास दिले तेव्हा. मेयरनं बाईंना फोन केला. "दुप्पट झाली, बाई!"

"मग आता तुझं गणित बंद कर."

आणि नेमकं त्याच सुमारास, एका रविवारी सकाळी, जेरविन बेकरीतून पावाची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. खाली मान घालून. "मानांग, बोलावणं आलंय. जहाजावरून. पुढच्या आठवड्यात निघायचंय."

बाईंना राग आला होता, पण तो जेरविनवर नव्हता. एफ्रेनबद्दल त्यांनी त्याच्या जोडीदाराला विचारलं, बायकोला विचारलं. या पोराला "तुला मोसमभर राहायचंय का?" एवढंच विचारलं नव्हतं. मनगट बघून भुलल्या होत्या. बेनितो आत गेला आणि कपाटाच्या तळातून आपला जुना जाड लोकरीचा गळाबंद कोट घेऊन आला. "उत्तरेकडे गेलास तर घाल," म्हणाला. "कंपनी देते तो कोट कागदासारखा असतो." जेरविन रडला. बाईंनीच मग त्याला पाव खायला बसवलं.

संध्याकाळपर्यंत मेयर हजर. "बाई, बाकोलोदला एक मोकळा आहे! उंच आहे, नेमबाज आहे, उद्या येतो म्हणतोय!"

"उद्या येणारा आजपर्यंत मोकळा का होता?"

"ते मला काय माहीत!"

"मलाही माहीत नाही. म्हणून नको. खड्डा पडला म्हणून हाताला लागेल तो दगड टाकायचा नाही, टोटो. आपल्याकडे अदोनिस आहे."

अदोनिस हा गावातलाच, दोन वर्षं बाकावर बसलेला. नेम जेरविनच्या अर्ध्यानंही नव्हता. पण गेले दोन महिने तो एफ्रेनच्या हाताखाली बडबड करायला शिकला होता, आणि लुसिओ बाकावर बसून जे जे सांगे ते त्याच्या डोक्यात साठत होतं. बाहेरचा आणला असता तर अदोनिस कायमचा बाकावर गेला असता. त्याला घातल्यावर लगेचचे दोन सामने हरले. बाई ढिम्म. तिसऱ्यात तो नीट उभा राहिला.

सान इसिद्रोशी परतीचा सामना त्यांच्या गावात झाला. तालिसायोनहून दोन जीप भरून माणसं गेली, छपरावर बसून. जेटनं त्या दिवशीही गुणांचा पाऊस पाडला. त्याला कोणी अडवू शकलं नाही, आणि बाईंनी अडवायला सांगितलंही नव्हतं. "तो काय करायचं ते करू दे. उरलेल्या चौघांना श्वास घेऊ देऊ नका," एवढंच त्यांनी सांगितलं होतं. जेट सोडून सान इसिद्रोच्या एकालाही मोकळी जागा मिळेना. "आडवा येतोय, अदोनिस! सरक! मी घेतो!" एफ्रेनचा आवाज ढोलासारखा घुमत होता. पण आता तो एकटा नव्हता. पाचही पोरं ओरडत होती. अदोनिस मागे न बघता सरके, कारण मागचा त्याला सांगत होता. शेवटच्या क्षणी मात्र पोरांनी जेटला वेढा घातला, त्यानं चेंडू सोडला तो ज्याच्याकडे, त्या पोराला अख्ख्या सामन्यात चेंडू क्वचितच मिळाला होता. तो गोंधळला. एफ्रेननं चेंडू हिसकावला, लुसिओला दिला, लुसिओनं न बघता अदोनिसला, आणि अदोनिसनं दोन गुण केले. तेवढ्याच फरकानं जिंकले.

सामन्यानंतर जेट घाम पुसत बाईंपाशी आला. "बाई, तुमच्या त्या लंबूनं माझे कान किटवले."

"आमचेही किटलेत. आम्हाला सवय झालीय."

तो हसला, बाईही हसल्या. आता राग कोणाच्याच मनात नव्हता.

तालिसायोन त्या मोसमात सात सामने जिंकलं, कित्येक वर्षांनी बाद फेरीत पोचलं आणि तिथं पहिल्याच सामन्यात रोहासकडून हरलं. तरी मेयरनं अख्खं डुक्कर भाजलं, माडीचे कॅन मागवले आणि चर्चच्या पायऱ्यांवर चढून भाषण केलं. संघ आपणच उभा केला असं त्यात तो दोनदा म्हणाला. बाई खाली उभ्या राहून डुकराची कुरकुरीत साल खात होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंधरा दिवसांनी एफ्रेन आला. बरोबर रोसालिन. दोघंही चोरासारखी बसली. रोहासनं त्याला दोन वर्षांसाठी मागितलं होतं, आणि त्याच्या बायकोला मुलांच्या शाळेजवळ घरही मिळत होतं. बाईंनी खुर्ची जवळ ओढली.

"तुला तिथं काम काय देतायत?"

"अजून विचारलं नाही."

"विचार. 'बघू', 'आल्यावर ठरवू' असं म्हणाले तर सरळ परत ये. अडवायचं, चेंडू काढायचा आणि बोलायचं, असं स्पष्ट म्हणाले तर जा. आणि आजच जा, उद्यावर टाकू नकोस."

रोहासनं स्पष्ट सांगितलं. एफ्रेन गेला. जाताना बेनितोनं त्याला एवढा भात बांधून दिला की रोसालिनला हसू आवरेना.

गावात मात्र गडबड उडाली. मेयर धापा टाकत आला. "बाई, आपण घडवला आणि त्यांनी नेला! दोन वर्षं बांधून का नाही ठेवलात?"

"त्याला पुढचं वचन दिलं नव्हतं, टोटो. मग त्याच्याकडून तरी कसं मागू? आणि एक चांगलं झालंय. आपल्याकडे आलेला माणूस वर जातो, हे आता प्रांतभर कळलंय. यंदा दार मी ठोठावायला जाण्याआधी लोक येतील बघ."

"कोणी आलंय का?"

"दोघं येऊन गेले. दोघांनाही परत पाठवलं."

मेयरनं कपाळावर हात मारला. बाईंनी पिशवीत पाण्याची बाटली टाकली, केळीच्या पानात बांधलेला भात टाकला आणि चपला शोधायला लागल्या. आंतिके प्रांतात, डोंगरापलीकडे, एक उंच पोरगा आहे म्हणे, चर्चच्या गायकवृंदात गातो आणि रिंगखाली उभा राहिला की कोणाला जवळ फिरकू देत नाही. त्याला त्याच्या संघानं का सोडलं हे अजून कोणाला नीट सांगता आलं नव्हतं.

"तिकडची भाषा वेगळी आहे, बाई," नोनोय म्हणाला. तो जीप घेऊन आला होता.

"ओरडला की कळेल," बाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. "बेनितो, येतोस की राहतोस?"

बेनितो आधीच मागे बसला होता, मांडीवर भाताचं पातेलं घेऊन.